न पडलेला चरा

नकाशेकाकांच्या घड्याळावर चरा पडला, हे जगात सगळ्यात आधी नकाशेकाकांना कळलं आणि सगळ्यात शेवटी घड्याळाच्या कंपनीला. मधल्या काळात काकांची झोप, भूक आणि कचेरीतली पत तिन्ही पणाला लागली. माणसाची अब्रू केसाएवढ्या रेघेला टांगलेली असते, असं कुणी म्हटलं असतं तर काकांनी आधी विचारलं असतं, केस कुणाचा? केसाकेसाच्या जाडीत फरक असतो, आणि जाडीच्या बाबतीत मोघम बोललेलं काका खपवून घेत नसत.

नकाशे हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून कचेरीने हे नाव पाडलं, ते इमारतीतल्या लोकांनी उचललं आणि हळूहळू घरचे पाहुणेही दारातून "नकाशेकाका आहेत का?" असं विचारू लागले. काकूंचा त्याला विरोध नव्हता. त्यांना फक्त एवढंच वाटायचं की नवरा आचारी असता तर नाव कितीतरी खमंग पडलं असतं.

तर घड्याळ. घड्याळ दिसायला साधंच होतं. पण दुकानदाराने ते विकताना जे केलं, त्याने काकांचा तिथल्या तिथे निकाल लागला. त्याने तसलंच एक घड्याळ टेबलावर ठेवलं, खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि आपल्या सासऱ्याचं नाव कोरतोय अशा त्वेषाने काचेवर घासला. काकांनी डोळे मिटून घेतले. उघडून बघतात तर काच जशीच्या तशी.

"नीलम आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "कारखान्यात पिकवलेला. एक हिरा सोडला तर या काचेला ओरखडा काढेल असं तुमच्या घरात काही सापडायचं नाही."

"आमच्या घरात हिराही नाही," काका म्हणाले. ही गोष्ट अभिमानाने सांगायची वेळ त्यांच्या आयुष्यात प्रथमच आली होती.

काकूंना शंका होती. "नीलम निळा असतो ना? हा तर पाण्यासारखा आहे."

"अगं, शुद्ध असला की पांढराच असतो. निळेपणा ही त्यातली भेसळ." हे काकांनी दुकानातून घरी येताना वाचलेल्या माहितीपत्रकावरून सांगितलं, पण सूर असा होता की जणू लहानपणापासून त्यांची नीलमच्या खाणीत उठबस होती.

पुढचे काही महिने काकांचे सुखाचे गेले. कचेरीत कुणी नुसतं "किती वाजले?" म्हणून विचारलं, तरी काका आधी हातातल्या कर्कटकाचं टोक काचेवर ओढून दाखवत आणि मग वेळ सांगत. पाहणारा शहारत असे. लोकांनी मग किल्ल्या आणल्या, नाणी आणली. लेखापालांनी पत्र्याची पट्टी आणली. घरी काकूंचा भाऊ, म्हणजे काकांचा मेहुणा, आला की त्याच्या फोनच्या पडद्यावर आरपार गेलेल्या तड्यांच्या जाळ्याकडे काका दयेने बघत आणि म्हणत, "असं होतं बाबा. सगळ्यांनाच काही नीलम परवडत नाही." मेहुणा हे सगळं मनात साठवत होता. मेहुण्यांची मनं या कामासाठीच खोल केलेली असतात.

आणि एका सकाळी खिडकीशी उभं राहून पट्टा बांधताना काकांना ती दिसली. चारच्या आकड्यापासून निघून मध्याकडे जाणारी, शेवटाला किंचित डावीकडे कललेली, कोळ्याच्या धाग्याहून बारीक रेघ.

काकांनी ती सदऱ्याने पुसली, गेली नाही. तोंडाची वाफ देऊन पुसली. मग नकाशाच्या रबराने हलक्या हाताने खोडून पाहिली. वाफ उडाली, रेघ तिथेच.

"इतकं काय बघताय?" काकूंनी आतून विचारलं.

"वेळ."

"इतका वेळ?"

दिवसभर कचेरीत त्यांनी बाही खाली ओढून ठेवली. लेखापालांनी वेळ विचारली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पण दुःख एकट्याने सोसायचं तर त्याला निदान कुणीतरी दुःख म्हणावं लागतं. संध्याकाळी त्यांनी काकूंपुढे मनगट धरलं.

"हो, दिसली की," काकू सहाच्या आकड्याकडे बघत म्हणाल्या.

"तिथे नाही."

"हो, तेच म्हणते, इथे," असं म्हणून काकूंनी दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

रविवारी मेहुणा आला. त्याने घड्याळ उजेडात धरलं, सावलीत धरलं, एक डोळा मिटून पाहिलं. चरा सापडला असता तर त्याच्या आयुष्याचं सोनं झालं असतं, म्हणजे बघण्यात त्याने काही कसूर ठेवली असेल असं म्हणता येत नाही. शेवटी त्याने खरोखरच्या खेदाने घड्याळ परत दिलं. "भाऊजी, मला काहीच दिसत नाहीये हो."

काकांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आपल्या डोळ्यांवर कुणीतरी हात ठेवला असं वाटलं. "चल माझ्याबरोबर," ते म्हणाले. "कंपनीकडूनच कबूल करून घेतो."

कंपनीचं दुरुस्ती केंद्र म्हणजे एक थंडगार खोली, एक लांब बाक आणि एक खिडकी. खिडकीत एक बाई संगणकापुढे बसल्या होत्या. त्यांचं वागणं फार गोड होतं, आणि त्यांच्याशी भांडणं म्हणजे उशीशी कुस्ती खेळण्यासारखं होतं.

"तक्रार काय आहे, सर?"

"काचेवर चरा पडलाय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "सर, काच फुटली आहे का?"

"नाही. चरा पडलाय."

"धूसर झाली आहे? आतून दव येतं?"

"चरा! च, रा."

"तसा प्रकार इथे नाहीये, सर." त्यांनी पडदा वळवून दाखवला. काच फुटणे, काच धूसर होणे, काच सुटून येणे. "या काचेवर चरा पडत नाही. म्हणून तो प्रकार ठेवलेलाच नाही."

"पण माझ्या काचेवर पडलाय."

"पडला असता तर प्रकार ठेवला असता ना, सर?"

काकांनी आयुष्यात अनेक सरकारी उत्तरं ऐकली होती, काही स्वतः दिली होती. पण इतकं गुळगुळीत, कुठेही नख न लागणारं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. हे उत्तरसुद्धा कारखान्यात पिकवलेलं असावं.

आतला कारागीर आला. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मग खिशातून रबर काढलं आणि काचेवर घासलं. "कधी कधी धातूचा माग उठतो, साहेब. रबराने जातो."

"रबर मला शिकवू नका," काका म्हणाले. "रबरावर मी घर चालवलंय."

कारागिराने पुन्हा भिंग लावलं, मान हलवली आणि चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले. काच निर्दोष.

"बघा!" मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, काळजी होती, आणि काकांना तीच जास्त लागली.

इथे काका गप्प बसते तर गोष्ट इथेच संपली असती. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी ती चिठ्ठी टेबलावर आपटून कंपनीचा उद्धार केला, आणि तो नेमका साहेबांच्या कानावर गेला. साहेब वयाने लहान, वागायला सज्जन, आणि सज्जन माणूस काळजी करायला लागला की दुर्जन परवडतो.

"काका, बसा," साहेब म्हणाले. "कंपनी म्हणते चरा नाही?"

"म्हणते."

"घरच्यांना दिसत नाही?"

"त्यांची नजर तयार नाही."

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "जुन्या वस्तीतल्या नळांचा नकाशा तुम्हाला देणार होतो. मूळ कागद इतका फिकट झालाय की अर्ध्या रेघा दिसतच नाहीत. संगणकात घालायच्या आधी कुणीतरी तो डोळ्यांनी वाचून पुन्हा काढायला हवा. तो नकाशा धरून रस्ते खणले जाणार आहेत, काका. न दिसणारी रेघ दिसणं ठीक आहे. पण नसलेलीच रेघ दिसायला लागली तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "एकदा डोळे तपासून घ्या. तोवर तो कागद राहू दे माझ्याकडे."

तो नकाशा काकांचा होता. म्हणजे अजून मिळालेला नव्हता, पण कचेरीत तो कागद वाचू शकेल असा दुसरा माणूस नव्हता, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीच्या आधी एवढं एक काम हातून व्हावं म्हणून काकांनी शाईच्या पेनाची नवी टोकं आणून ठेवली होती. ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले.

"साहेब, रेघ आहे."

"तपासून घ्या," साहेब मऊपणे म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काकांना भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. काकांनी ती वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. "डोळे उत्तम आहेत," बाई म्हणाल्या.

"मग लिहून द्या, घड्याळावर चरा आहे."

"मी डोळ्यांचा दाखला देते, घड्याळाचा नाही."

साहेबांनी दाखला वाचला आणि ते आणखीच काळजीत पडले. "डोळे चांगले आहेत म्हणता? मग काका, रेघ येतेय कुठून?" असं म्हणून त्यांनी नकळत काकांच्या कपाळाकडे पाहिलं.

त्या नजरेने काका पेटले. आजवर त्यांनी कुठल्याही साहेबापुढे आवाज चढवला नव्हता. बढती हुकली, गप्प बसले. खुर्चीचा पाय मोडला, पुस्तकं लावून बसले. पण डोकं? ज्या डोक्यात शहराचा एकूण एक नळ वळणासकट साठवलेला होता, त्या डोक्याकडे कुणी असं पाहावं? आता चरा सिद्ध झाल्याशिवाय माघार नाही, असं त्यांनी जिन्यातच ठरवलं. ज्या माणसाने महिनोन् महिने या काचेवर चरा पडूच शकत नाही म्हणून जगाला ऐकवलं, तोच आता चरा पडलाय म्हणून जगाशी भांडायला निघाला. यातली गंमत काकूंच्या लक्षात आली होती. पण त्या सुज्ञ होत्या, त्यांनी भाजी निवडायला घेतली.

इमारतीत बातमी पसरली तसे सल्ले येऊ लागले. ज्यांना चरा दिसत नव्हता, त्या सगळ्यांकडे तो घालवायचा उपाय मात्र होता. तळमजल्यावरच्या आजोबांनी राख सांगितली. समोरच्या वहिनींनी बटाट्याची फोड सांगितली, आणि बटाटा कापायचा कसा तेही सांगितलं. मेहुण्याने फोनवर पाहून दंतमंजन सुचवलं. काका प्रत्येकाला एकच सांगत, "घालवायचा नाहीये! तो माझा पुरावा आहे!" चऱ्याला धक्का लागू नये म्हणून ते घड्याळावर रुमाल बांधून हिंडू लागले. बघणाऱ्याला वाटे, हात दुखावलाय. बसमध्ये त्यांना बसायला जागा मिळू लागली, तेवढाच फायदा.

एके दिवशी काका अंघोळीहून आले तर काकू टेबलाशी बसून ब्रशने घड्याळ घासतायत. शेजारी दंतमंजनाची नळी.

काकांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. "अगं, काय केलंस हे!"

"तुमच्या जिवाला घोर लागलाय म्हणून म्हटलं..." काकू रडकुंडीला आल्या. "गेला असता म्हणजे निदान सुटलो असतो ना आपण. दोघंही."

काकांनी फेस पुसला, घड्याळ खिडकीशी नेलं. रेघ होती. चारपासून मध्याकडे, शेवटाला डावीकडे. ओलसर, स्वच्छ, आधीपेक्षा ठळक. काकांचे डोळे भरून आले. कुंभमेळ्यात हरवलेलं पोर सापडावं तसे ते त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "दंतमंजनाने जात नाही म्हणजे बघ किती खोल आहे," ते म्हणाले. त्यांच्या परीने ही क्षमा होती.

दंतमंजनावरून मात्र काकांना एक गोष्ट सुचली. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत होते, आणि कोपऱ्यावरच त्यांचा दवाखाना होता. दातातली कीड शोधायला त्यांच्याकडे प्रखर दिवा आणि कपाळावर बांधायचं भिंग होतं. काका तडक तिथे गेले. आत खुर्चीत एक बाई तोंडात कापसाचे बोळे घेऊन बसल्या होत्या.

"डॉक्टर, एवढं बघा," काकांनी रुमाल सोडून मनगट दिव्याखाली धरलं.

बोळेवाल्या बाईंनी घशातून काहीतरी निषेध नोंदवला. डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबायची खूण केली आणि भिंग खाली ओढलं.

"आहे," डॉक्टर म्हणाले.

"काय आहे?"

"चरा आहे. चारपासून आत जातोय. शेवटाला जरा..."

"डावीकडे!" काका ओरडले.

"डावीकडे."

काकांनी डॉक्टरांना मिठी मारली. भिंग दोघांच्या मध्ये आल्यामुळे ती नीट जमली नाही, पण भावना पोचली. खुर्चीतल्या बाईंनीही वाकून पाहिलं आणि बोळ्यांमागून "आये, आये!" असं म्हटलं. साक्षीदार दोन झाले.

डॉक्टर उत्साही होते. "काढून टाकू का? माझी यंत्राची टोकं हिऱ्याची असतात. नीलम काय चीज आहे! एका मिनिटात..." त्यांनी यंत्र चालूही केलं.

"खबरदार!" काकांनी मनगट छातीशी घेतलं. "हिरा याच्या जवळ आणाल तर शेजारधर्म संपला."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखाना बंद ठेवून, भिंग आणि दिवा घेऊन काकांबरोबर केंद्रात गेले. गोड बाई, तोच बाक, तीच खिडकी. काकांनी खिडकीच्या फळीवर दिवा लावला आणि सांगितलं, "मोठ्या साहेबांना बोलवा." बाईंनी दोनदा गोड नकार दिला, पण दिवा त्यांच्या डोळ्यांवर येत होता.

केंद्राचे प्रमुख आले. त्यांनी भिंगातून पाहिलं, सरळ झाले, कोट ठीक केला.

"हं. काहीतरी निदर्शनास येतंय."

"चरा."

"काचेवर काही नाही, सर. आमच्या माणसाने बरोबर लिहिलं होतं. काच निर्दोष आहे. काचेवर एक पातळ लेप असतो, उजेड चमकू नये म्हणून. त्या लेपावर एक... सूक्ष्म रेषीय खूण आहे. लेप काचेइतका कठीण नसतो."

"मग लेपाला चरा पडला."

"लेप हमीत येत नाही."

"हमी मागितली का मी? चरा पडला की नाही, एवढंच विचारतोय."

प्रमुखांनी डोळे बारीक केले. "तुम्ही यावर टोकदार काही घासलं होतं का?"

किल्ल्या, नाणी, लेखापालांची पट्टी, कर्कटकाची ती हजार प्रात्यक्षिकं सगळी काकांच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्यांनी मान ताठ केली. "घासलं. रोज घासलं. तुमच्या दुकानदाराने माझ्यादेखत स्क्रू ड्रायव्हर घासला होता, त्याचं काय?"

"ते नमुन्याचं घड्याळ. त्याला लेप नसतो."

बाकावरची माणसं आता ऐकू लागली होती. दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे दाखवायला एक आणि विकायला एक!" दात काढायच्या आधी 'अजिबात दुखणार नाही' असं रोज सांगणाऱ्या माणसाच्या तोंडी हे फार शोभलं नाही, पण बाकावर कुणी त्यांचा रुग्ण नव्हता.

"मला लिहून द्या," काका म्हणाले, "की घड्याळावर चरा आहे. कशावर आहे ते तुम्ही ठरवा."

"सूक्ष्म रेषीय खूण असं देतो."

"चरा."

"सर, आमच्या कागदपत्रांत तो शब्दच नाही."

काका बाकावर बसले. त्यांनी पिशवीतून कागद, पट्टी आणि शाईचं पेन काढलं, घड्याळ समोर ठेवलं, डॉक्टरांचं भिंग डोळ्याला बांधलं आणि कामाला लागले. प्रमुख थोडा वेळ बघत उभे राहिले, मग आत गेले. काकांनी आकडे मांडले, काटे मांडले. मग श्वास रोखून, चारपासून मध्याकडे, चरा काढला. मोठा करून, पण जिथे तो जाड होता तिथे जाड, विरळ होता तिथे विरळ, मध्ये जिथे केसभर तुटला होता तिथे तुटलेला. बाजूला प्रमाण लिहिलं, कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवली. घड्याळाला उत्तर दिशा नसते हे त्यांना कळत होतं. पण उत्तर दिशा नसलेल्या कागदावर सही करायची त्यांच्या हाताला सवय नव्हती.

खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'चरा'.

त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी झाली की काका केंद्रात यायचे, बाकावर बसायचे आणि तो नकाशा मांडीवर उघडा ठेवायचे. कुणाशी भांडण नाही, आवाज नाही. शेजारी बसलेला माणूस सहज विचारायचा, हे काय आहे? काका सांगायचे. मग तो माणूस आपलं मनगट ट्यूबलाइटकडे वळवायचा, तिरकं करायचा, आणखी तिरकं करायचा. आणि मग त्याचा चेहरा बदलायचा.

लवकरच त्या बाकावर ओळीने माणसं मनगटं वाकडी करून बसलेली दिसू लागली. एका आजींना तीन चरे सापडले, त्या उगाच ऐटीत होत्या. पट्टा बदलायला आलेला एक वकील चऱ्याची तक्रार घेऊन खिडकीशी गेला. गोड बाईंनी त्यालाही सांगितलं की तसा प्रकारच नाही. वकील म्हणाला, "नाही कसा? त्यांच्याकडे नकाशा आहे." बाईंचा गोडवा उन्हात ठेवलेल्या गुळासारखा पाझरू लागला. मेहुणाही एकदा आला, काकांना तिथून उठवून न्यायला. बाकावर टेकला, नकाशा पाहिला, मग घड्याळ पाहिलं, मग पुन्हा नकाशा. "अरेच्चा," तो म्हणाला. "भाऊजी, हा इथे तुटलाय, तो हा ना?" कुठे बघायचं ते कळल्यावर दिसणं सोपं असतं. पण तेवढंही काकांना पुरलं.

तक्रारीच्या अर्जावर काकांनी कचेरीचा फोन नंबर दिला होता. तो एके दिवशी खणखणला आणि साहेबांनी उचलला. काका समोरच उभे होते, कसल्याशा फायलीवर सही घ्यायला.

"तुमच्याकडे कुणी नकाशेकाका म्हणून आहेत?" पलीकडचा आवाज इतका तापलेला होता की काकांनाही अर्धा ऐकू येत होता. "कृपा करून त्यांना आवरा. आमचं केंद्र चालणं मुश्कील झालंय."

"काय केलं त्यांनी?"

"बसतात!"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. "पण तुम्ही तर म्हणालात की घड्याळावर काही नाही. त्यांना भास होतोय..."

"भास कसला, चरा आहे त्यांच्या घड्याळावर!" पलीकडून प्रमुख गरजले. "चांगला ढळढळीत चरा आहे! फुकट काच बदलून देतो म्हणावं, पण तो नकाशा घेऊन घरी जा म्हणावं!"

साहेबांनी फोन हळूच ठेवला. मग विचारलं, "कसला नकाशा?"

काकांनी फायलीतून कागद काढून पुढे ठेवला. साहेबांनी तो पाहिला. आधी वरवर, मग वाकून. ती तुटक जागा त्यांनी बोटाने शोधली, बोटाने सापडली नाही, तेव्हा पेन्सिलीचं टोक लावलं. ते बराच वेळ तसेच वाकून होते. शेवटी त्यांनी मागचं कपाट उघडलं, पिवळा पडलेला मोठा गुंडाळा काढला आणि दोन्ही हातांनी काकांच्या पुढे केला.

"मला क्षमा करा, काका."

"जपून धरा," काका म्हणाले, "कडा फाटतायत."

संध्याकाळी काकू आणि काका केंद्रात गेले. प्रमुखांनी नवी काच मखमलीवर मांडून ठेवली होती. नवा लेप, नवी चकाकी.

"नको," काका म्हणाले.

"सर, फुकट आहे!"

"काच निर्दोष आहे, असं तुम्हीच लिहून दिलंय. निर्दोष काच कशाला बदलायची? माझी काच उत्तम आहे. तिच्यावर चरा पडत नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय."

"अहो, घ्या ना," काकूंनी कोपर मारलं. "देतायत ते."

"त्यांनी द्यायचं होतं ते दिलं. फोनवर दिलं. साहेबांनी ऐकलं."

प्रमुख हताशपणे खिडकीतल्या बाईंकडे बघू लागले. बाईंनी आपण होऊन पडदा वळवला. त्यांचा चेहरा थकलेला होता, पण थोडा अभिमानही होता त्यात. "सर, तुमच्यासाठी एक गोष्ट केलीये. वरून मंजुरी आली आज." काच फुटणे, काच धूसर होणे, काच सुटून येणे, आणि त्याखाली नवी ओळ.

काकू पुढे झाल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. "सूक्ष्म रेषीय खूण, कंसात चरा." त्या नवऱ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "अहो, आला की तुमचा शब्द! चला आता."

बाकावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आजी उठून उभ्या राहिल्या. प्रमुखांनी निरोपाचा हात पुढे केला.

काकांनी तो हात पाहिला, पडद्याकडे पाहिलं, चष्म्याविना, उभ्या जागेवरून. मग त्यांनी बाकावरची पिशवी थोडी सरकवली, काकूंसाठी जागा केली आणि स्वतः खाली बसले.

"कंस काढा," ते म्हणाले.